नव्या इलेक्ट्रिक गाडीतला आवाज: 'कसा येतो' हे नंतर, आधी 'कशाबरोबर बदलतो' ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी नवीन आहे, जेमतेम दोन हजार किलोमीटर चाललेली, मोटर पुढच्या चाकांवर. ताशी ५० ते ७० च्या दरम्यान पाय हलका केला की बारीक 'सूंऽऽ' असा आवाज येतो. त्याशिवाय थांबून पुन्हा निघताना कधीकधी खालून एकदाच 'टक्' होतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी एक चक्कर मारली आणि 'इलेक्ट्रिक गाडीत असं असतंच' म्हणून गाडी परत दिली. हे खरंच नॉर्मल आहे का आणि मोटर बदलून मागावी का, हे तुम्हाला हवं आहे.

मोटर बदलून मागू नका, निदान आत्ता तरी. मोटर चांगलीच असेल असं माझं म्हणणं नाही. पण तुम्ही जे लिहिलं आहे त्यातून दोष मोटरचा की गिअरचा, की दोष मुळात आहे का, हे कुणालाच ठरवता येणार नाही. भाग बदलून मागितला की समोरचा फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकतो, आणि बहुतेक वेळा तो 'नाही'च म्हणतो. आवाज नेमका कधी येतो आणि कधी जातो हे कागदावर मांडलंत, तर त्याला शोधाशोध करावीच लागते.

मी ट्रान्समिशनच्या आवाजांवर काम करतो. आधी पेट्रोल-डिझेलच्या गिअरबॉक्सवर करायचो, हल्ली बहुतेक इलेक्ट्रिकवर. या कामात लोक आवाजाचं वर्णन फार मन लावून करतात: घरघर, कुईकुई, शिट्टी, भुंग्यासारखा, विमानासारखा. मला त्याचा उपयोग कमी होतो, कारण एकाच बेअरिंगचा आवाज एकाला 'घरघर' वाटतो आणि दुसऱ्याला 'गुणगुण'. मला हवं असतं ते वेगळंच. वेग वाढला की सूर चढतो का? पाय दाबला-सोडला की आवाज येतो-जातो का? स्टिअरिंग वळवल्यावर फरक पडतो का? रस्ता बदलला की? गाडी उभी असताना? या पाच प्रश्नांची उत्तरं मिळाली की संशयितांची यादी दोन-तीन नावांवर येते.

तुमची चाकं किती इंची, टायर कोणते, हवा किती, रीजन (पाय उचलल्यावर मोटरनेच गाडी मंद करून बॅटरीत वीज परत भरणं) कोणत्या पातळीवर ठेवता, गाडीत किती माणसं होती, यावर बरंच अवलंबून आहे आणि यातलं काहीच तुमच्या प्रश्नात नाही. म्हणून खाली निदान देत नाही. तुमच्या जागी मी असतो तर कोणत्या क्रमाने गेलो असतो ते सांगतो.

आधी निरपराध मंडळी बाजूला काढू. गाडी 'रेडी' झाली की किंवा बंद केली की येणारा ठळक खटका हा बॅटरीच्या कॉन्टॅक्टरचा, म्हणजे बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचचा. उभ्या गाडीत, चार्जिंगवर असतानासुद्धा येणारी गुणगुण ही कूलंटचा पंप, पंखा किंवा एसीचा कॉम्प्रेसर. बॅटरी थंड करायलाही तोच कॉम्प्रेसर लागतो, त्यामुळे एसी बंद असला तरी तो चालू शकतो. ब्रेक पेडल दाबल्यावर येणारा छोटा 'झूं' इलेक्ट्रिक ब्रेक बूस्टरचा. अगदी हळू चालवताना आणि रिव्हर्समध्ये बाहेर ऐकू येणारा कृत्रिम गुंजारव पादचाऱ्यांना सावध करण्यासाठी मुद्दाम दिलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमानुसार तो ताशी २० किलोमीटरपर्यंत लागतो, अमेरिकेच्या नियमात ३० पर्यंत. नवी गाडी घेणारे कितीतरी जण हाच आवाज गिअरबॉक्सचा समजून येतात. तुमचा आवाज ५० च्या पुढचा आहे, म्हणजे हे सगळे सुटले.

ब्रेकही पटकन बघून घ्या. इलेक्ट्रिक गाडीत रीजनच बहुतेक काम करतो, त्यामुळे डिस्कवर गंज धरतो आणि पहिल्या काही ब्रेकला खरखर होते. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर काही वेळा जरा जोर लावून ब्रेक मारले की ती जाते. डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला तर चाकाच्या फेऱ्यांनुसार कर्कश घासल्याचा आवाज येतो. ऐकायला भयंकर, काढायला सोपा. आणि ज्यावर कुणी विश्वास ठेवत नाही अशी एक गोष्ट: नवी गाडी वाहून आणताना कधीकधी सस्पेन्शनच्या स्प्रिंगमध्ये ठोकळे बसवलेले असतात. ते डिलिव्हरीआधी काढायचे राहून गेले, की गाडी खालून ठणाठण वाजते आणि मालक मोटरच्या नावाने बोटं मोडत बसतो.

आता मुद्द्याच्या आवाजाकडे, म्हणजे त्या 'सूं'कडे.

इलेक्ट्रिक गाडीत मोटर खूप वेगाने फिरते, कमाल वेगाला मिनिटाला १२ ते १८ हजार फेऱ्यांपर्यंत, काही गाड्यांत त्याहूनही जास्त. चाक त्या मानाने फार सावकाश फिरतं. मधली तफावत एकच रिडक्शन गिअरबॉक्स सांभाळतो, बहुधा दोन टप्प्यांत, आणि एकूण प्रमाण बऱ्याच गाड्यांत ९ ला १ च्या आसपास असतं. म्हणजे चाकाची एक फेरी झाली की मोटरच्या साधारण नऊ. गिअरचे दात एकमेकांत शिरताना प्रत्येक दात थोडासा धक्का देतो. दात तिरके कापलेले असतात, त्यांचा आकार मायक्रॉनच्या हिशेबात सुधारलेला असतो, तरी धक्का पूर्ण नाहीसा होत नाही. इंजिनच्या गाडीतही हे होतंच, पण तिथे इंजिनाच्या आवाजाखाली ते दबून जातं. इथे दाबायला काही नाही. म्हणून 'असं असतंच' हे सर्व्हिसवाल्यांचं वाक्य साफ खोटं नाही. थोडी शिट्टी प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत असते. तुमच्या गाडीत ती त्याच मॉडेलच्या इतर गाड्यांपेक्षा जास्त आहे का, हा खरा प्रश्न. त्याकडे पुढे येतो.

पहिली चाचणी शून्य भाराची. बहुतेक गाड्यांत ताकद दाखवणारा काटा किंवा पट्टी असते, एका बाजूला मोटर ओढते आहे, दुसऱ्या बाजूला रीजन. सरळ, मोकळ्या रस्त्यावर ६० ला या आणि पाय असा धरा की काटा बरोबर मधोमध राहील. आता मोटरवर जवळजवळ काहीच भार नाही, पण ती फिरते आहे, गिअर फिरताहेत, चाकंही फिरताहेत. आवाज ऐका. मग हलकेच पाय दाबा, काटा किंचित ओढण्याच्या बाजूला न्या. मग सोडा, किंचित रीजनच्या बाजूला. तीनही वेळा वेग जवळपास तोच राहील एवढाच बदल करा. सोबत कुणीतरी असेल तर नोंदी त्यांना करू द्या, तुम्ही रस्ता बघा.

हे एवढं का? गिअरच्या दाताला दोन बाजू असतात. मोटर ओढते तेव्हा एक बाजू दबते, रीजनमध्ये दुसरी. ओढताना शांतता आणि रीजनमध्ये शिट्टी असेल तर संशय दाताच्या त्या दुसऱ्या बाजूवर, किंवा त्या दिशेने भार आला की किंचित सरकणाऱ्या शाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर. दोन्हीकडे सारखीच शिट्टी आणि शून्यावर शांतता असेल, तर मोटरचा विद्युत-चुंबकीय सूरही यादीत येतो. भार कसाही असो, आवाज तोच राहत असेल, तर गिअरचे दात बऱ्यापैकी सुटले. आता चाकाचं बेअरिंग, टायर, नाहीतर गिअरबॉक्समधलं एखादं बेअरिंग. तुम्ही 'पाय हलका केला की' असं लिहिलंय म्हणून माझा कल सध्या दातांच्या रीजनच्या बाजूकडे आहे. पण पाय हलका करताना तुमचा काटा नेमका कुठे असतो ते तुम्हीच बघायला हवं. काही गाड्यांत पाय थोडा उचलला की लगेच रीजन सुरू होतो, काहींत गाडी नुसती घरंगळते.

बरेच जण यासाठी गाडी न्यूट्रलला टाकून बघा म्हणतात. त्यात एक गफलत आहे. जुन्या गाडीत न्यूट्रलला इंजिन चाकांपासून सुटायचं, म्हणून आवाज गेला तर तो इंजिन-क्लचकडचा, राहिला तर चाकांकडचा, असा सोपा हिशेब होता. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत सोडवायला क्लचच नाही. न्यूट्रलला फक्त मोटरचा विद्युतप्रवाह थांबतो. मोटर आणि गिअर चाकांबरोबर फिरतच राहतात. तेव्हा न्यूट्रलला आवाज राहिला म्हणून 'गिअरबॉक्स ठीक आहे' असा निष्कर्ष काढू नका. शिवाय न्यूट्रलला रीजन जातो आणि एका पेडलवर चालवायची सवय असेल तर पाय ब्रेकवर जायला उशीर होतो. काटा मधोमध धरण्याची युक्ती तेच काम जास्त सुरक्षितपणे करते.

दुसरी गोष्ट आकडेमोडीची, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त पटवून देणारी. फोनवर ध्वनीचा स्पेक्ट्रोग्राम दाखवणारी ॲप फुकट मिळतात. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वारंवारता, आणि ठळक सूर असेल तर तिथे चमकणारी रेघ. रेडिओ, पंखा, एसी बंद करा, काचा वर करा, फोन एका जागी घट्ट बसवा आणि ३० पासून ८० पर्यंत सावकाश वेग वाढवा. शिट्टीची रेघ वेगाबरोबर तिरकी वर गेली तर ती फिरणाऱ्या भागाची. रेघ आडवी सपाट राहिली तर तिचा चाकांशी संबंध नाही. मग इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलून देणारा भाग), पंप किंवा पंखा.

तिरकी रेघ मिळाली की हिशेब करा. समजा टायरचा घेर २ मीटर आहे. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला ८.३ फेऱ्या. गिअरचं प्रमाण ९ असेल तर मोटरच्या सेकंदाला ७५ फेऱ्या. मोटरच्या शाफ्टवरच्या गिअरला समजा २५ दात आहेत, तर ७५ गुणिले २५, म्हणजे १,८७५ हर्ट्झ. माणसाचा कान २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, म्हणजे हा सूर त्याच्या उंबरठ्यावरच आहे. दुसऱ्या टप्प्याचे दात मोजले तर आकडा बराच खाली, काही शे हर्ट्झवर येतो, तो शिट्टीपेक्षा हुंकारासारखा वाटतो. चाकाच्या फेरीला एकदा होणारी टकटक याच वेगाला सेकंदाला आठ वेळा येईल. गाडीचं प्रमाण माहितीपुस्तकात बहुतेक वेळा सापडतं. दातांची संख्या नाही सापडत, पण ती तुम्हाला लागतच नाही. तुमच्या रेघेची वारंवारता मोटरच्या सेकंदाच्या फेऱ्यांनी भागा. उत्तर प्रत्येक वेगाला एकच येत असेल, समजा पन्नासलाही २५ आणि सत्तरलाही २५, तर आवाज मोटरच्या शाफ्टशी बांधलेला आहे हे सिद्ध झालं. दातांचा आकडा कारखान्याकडे असतोच, ते ताडून बघतील.

इथे एक अडचण येते ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. मोटरचा विद्युत-चुंबकीय सूरसुद्धा फेऱ्यांच्या पटीतच असतो. आठ ध्रुवांच्या मोटरमध्ये चोवीसावी आणि अठ्ठेचाळीसावी पट ठळक असण्याची शक्यता मोठी. भागाकार २४ च्या जवळ आला तर तो मोटरचा सूर की २४ दातांचा गिअर, हे घरी बसून ओळखता येणार नाही. टायरचा घेर झिजेने, हवेने थोडा कमी-जास्त होतो आणि गाडीचा स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्तच दाखवतो, त्यामुळे वेग जीपीएसवरून घ्या. तरीही २४ आणि २५ मधला फरक फोनवर भरवशाने दिसेल असं मी म्हणणार नाही. ते काम वर्कशॉपचं. ते मोटरच्या खऱ्या फेऱ्या थेट गाडीच्या कंट्रोलरमधून वाचू शकतात.

आता तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला तपशील: आवाज ५० ते ७० मध्येच येतो. दात तर प्रत्येक वेगाला एकमेकांत शिरताहेत, मग चाळीसला आणि नव्वदला शांतता का? कारण आवाज फक्त उगमावर ठरत नाही, तो केबिनपर्यंत कोणत्या वाटेने येतो यावरही ठरतो. गिअरबॉक्सचं कवच, मोटरचे माउंट (तिला धरणारे रबरी आधार), सबफ्रेम (मोटरखालची चौकट), अगदी डॅशबोर्डमागचा एखादा पत्रा, प्रत्येकाची स्वतःची थरथरण्याची वारंवारता असते. दातांचा सूर चढत चढत त्या वारंवारतेवर पोचला की तो भाग साथ देतो आणि आवाज फुगतो. वेग पुढे गेला की साथ सुटते. अरुंद पट्ट्यात येणारा आवाज ऐकला की मी आधी वाट तपासतो, उगम नंतर.

आणि नव्या गाडीत वाटेचेच दोष जास्त सापडतात. एखादी कूलंटची नळी किंवा एसीचा पाइप बॉडीला टेकलेला असतो. माउंटचा बोल्ट नीट कसलेला नसतो, किंवा रबर पिळलेल्या अवस्थेत बसवलेलं असतं. खालचं प्लॅस्टिकचं आवरण एका कोपऱ्यात क्लिपशिवाय लोंबत मोटरच्या कवचाला लागतं. जाड केबल आपल्या आधारातून निसटून सबफ्रेमला भिडते. मोटर रबरावर टांगलेली असते ती तिची थरथर बॉडीत जाऊ नये म्हणून. यातली कुठलीही एक गोष्ट त्या रबराला बगल देऊन आवाजासाठी आडवाट करून देते. अशा गाडीत मोटर-गिअरबॉक्स बदलला, तरी नळी पुन्हा तशीच बसवली तर आवाज तसाच राहतो, आणि मग मालक आणि वर्कशॉप दोघंही हवालदिल. म्हणून तुम्ही भाग बदलून मागण्याऐवजी असं सांगा: 'माउंटचे बोल्ट कंपनीच्या आकड्यावर तपासा आणि मोटरला किंवा तिच्या कवचाला बॉडीशी जोडणारं दुसरं काही टेकतंय का ते लिफ्टवर बघा.' हे काम छोटं आहे आणि त्याला 'नाही' म्हणणं अवघड आहे.

चाकाच्या बेअरिंगचं आणि टायरचं थोडक्यात. बेअरिंग असेल तर भाराने नाही, पण वळणाने फरक पडतो: लांब, सौम्य डाव्या वळणात भार उजव्या चाकांवर जातो, तेव्हा आवाज वाढला तर उजवी बाजू बघा. नव्या गाडीतही एक जोरदार खड्डा किंवा कडा पुरतो. टायर असेल तर रस्त्याचा पोत बदलला की आवाज बदलतो. गुळगुळीत डांबरावरून खरखरीत काँक्रीटवर जाऊन बघा. टायरच्या आतल्या हवेचा २०० हर्ट्झच्या आसपास स्वतःचा एक घुमारा असतो, म्हणून काही इलेक्ट्रिक गाड्यांच्या टायरमध्ये आतून फोम चिकटवलेला असतो. तो सुटला तर चाक असंतुलित झाल्यासारखं वागतं.

इन्व्हर्टर तुमच्या बाबतीत संभवत नाही. त्याचा सूर बराच उंच असतो, अनेक गाड्यांत ८ ते १० हजार हर्ट्झच्या घरात, आणि वेगाबरोबर सरकत नाही. तो निघताना, कमी वेगात जोर लावताना जास्त जाणवतो, आणि तरुण कानांना जास्त. एक मात्र विचारून ठेवा: अलीकडे गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं का? मोटरला वीज देण्याची पद्धत सॉफ्टवेअर ठरवतं, त्यामुळे एका रात्रीत गाडीचा सूर बदलल्याचे अनुभव येतात आणि मालक यांत्रिक दोष शोधत बसतो. अपडेटची तारीख आणि आवाज पहिल्यांदा जाणवल्याची तारीख शेजारी लिहा.

आता तो 'टक्'. हा वेगळा आवाज आहे, त्याला 'सूं'मध्ये मिसळू नका. जॉब कार्डवरही दोन वेगळ्या ओळी लिहायला लावा, नाहीतर एक तपासला जातो आणि दोन्ही बंद होतात.

मोकळ्या जागेत असं करा. सरळ पुढे जा, ब्रेक लावून थांबा, पुन्हा पुढे जा. टक् आला का? मग थोडं रिव्हर्स घ्या, थांबा, पुढे निघा. फक्त दिशा बदलल्यावर एकदा येत असेल आणि पुढे-पुढे करताना येत नसेल, तर माझा पहिला संशय ॲक्सल आणि चाकाच्या हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) जोडावर. ॲक्सलचं टोक हबच्या खाचांमध्ये बसतं आणि त्याचा खांदा बेअरिंगच्या तोंडाला घट्ट दाबलेला असतो. इलेक्ट्रिक मोटर शून्य वेगापासून भरपूर टॉर्क देते, त्यामुळे ती दोन तोंडं एकमेकांवर अगदी किंचित सरकतात आणि टक् होतं. इलाज साधा: ॲक्सल काढून तोंडं साफ करायची, कंपनी सांगेल ते वंगण किंवा वॉशर लावायचं आणि नवा नट नेमक्या टॉर्कवर कसायचा. जुना नट पुन्हा वापरायचा नसतो, हे बहुतेक कंपन्यांच्या सूचनांत स्पष्ट असतं. लगेच काही मोडेल असा हा दोष नाही, पण वॉरंटीत करून घ्यावा.

'टक्' निघताना न येता पहिल्या ब्रेकला येत असेल, तर तो ब्रेक पॅड आपल्या जागेत इकडून तिकडे सरकल्याचा. तो सोडून द्या. चढावर 'पी'मधून बाहेर काढताना येत असेल तर गाडीचं वजन पार्किंगच्या खुंटीवर आलेलं असतं. पुढच्या वेळी आधी ब्रेक दाबून हँडब्रेक लावा, ब्रेक हळूच सैल करून वजन हँडब्रेकवर येऊ द्या आणि मग 'पी' करा. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना टक-टक-टक अशी माळच लागत असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे ॲक्सलचा चाकाजवळचा वळणारा सांधा. त्याचा रबरी बूट फाटला आहे का आणि ग्रीस उडालं आहे का ते डोळ्यांनी दिसतं. पाय दाबताना आणि सोडताना दोन्ही वेळा जड 'धप्' येत असेल तर पुन्हा माउंट.

'थोडी चालू द्या, बसेल' हा सल्ला तुम्हाला मिळेल. डिस्कचा गंज बसतो, पॅड बसतात, नव्या टायरचा आवाज थोडा बदलतो. गिअरच्या दातांचा सूर मात्र आपोआप गेलेला मी क्वचितच पाहिला आहे, आणि बेअरिंगचा तर वाढतच जातो. थांबायला हरकत नाही, पण आजचं रेकॉर्डिंग करून थांबा. हजार किलोमीटरनंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, फोन त्याच जागी ठेवून पुन्हा करा. रेघ तेवढीच असेल तर घाई नाही. ठळक झाली असेल, किंवा तिच्या शेजारी नव्या रेघा उगवल्या असतील, तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका.

रेकॉर्डिंगबद्दल दोन सूचना. फोनचा व्हिडिओ वापरू नका. कित्येक फोन त्यातला सततचा आवाज गोंगाट समजून पुसून टाकतात, म्हणजे नेमकी तुमची शिट्टीच. साधं ध्वनिमुद्रण ॲप घ्या आणि फाइल मेसेजवरून न पाठवता मूळ रूपात द्या, कारण पाठवताना ती दाबली जाते आणि वरचे सूर कापले जातात. वेग आणि काट्याची बाजू सोबतच्या माणसाने मोठ्याने बोलत जावी.

मग तुलना. त्याच मॉडेलची, त्याच चाकांची दुसरी गाडी मागा, शोरूमची टेस्ट ड्राइव्हची गाडी चालेल. तोच रस्ता, तोच वेग, तेच रेकॉर्डिंग. दोन्ही रेघा सारख्या निघाल्या तर हा त्या मॉडेलचा स्वभाव आहे. आवडला नाही तरी तो दोष म्हणून सिद्ध होणार नाही, आणि तिथे मी तुम्हाला भांडायला सांगणार नाही. तुमची रेघ स्पष्ट जास्त ठळक असेल तर 'असं असतंच' हे उत्तर तिथेच संपतं. सर्व्हिस सेंटरला जाताना तंत्रज्ञाला शेजारी बसवा आणि पहिल्यांदा गाडी तुम्ही चालवा. आवाज काढून दाखवता येतो हे त्याने ऐकलं पाहिजे, तो एकटा गेला तर काटा मधोमध धरून चालवणार नाही. त्यांनी 'नॉर्मल' म्हटलं तरी तक्रार, वेग, किलोमीटर आणि त्यांचं उत्तर जॉब कार्डवर लिहून घ्या. पुढे वॉरंटी संपल्यावर दोष उघड झाला तर 'तक्रार मुदतीत केली होती' हा कागद तुमच्याकडे असतो.

घरी करू नयेत अशा गोष्टी. गाडी जॅकवर उचलून 'डी'मध्ये चाकं फिरवून बघू नका. ॲक्सल लोंबल्यामुळे जॉइंट भलत्याच कोनात फिरतात आणि नसलेला आवाज ऐकू येतो. गाडी जॅकवरून निसटण्याचा धोका वेगळाच. नारिंगी, म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या, केबलला हात नको. गिअरबॉक्समध्ये स्वतःहून तेल टाकू नका. काही गाड्यांत तेच तेल मोटरही थंड करतं, त्याचे विजेसंबंधीचे गुणधर्मही ठरलेले असतात, आणि नेहमीचं जाड गिअर ऑइल तिथे नुकसान करतं. वर्कशॉपला मात्र तेलाची पातळी आणि सील तपासायला जरूर सांगा. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर बारीक राखाडी लेप असणं चालतं. कपची किंवा सुईसारखे तुकडे दिसले तर गिअरबॉक्स उघडल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

आणि ज्या वेळी ही सगळी परीक्षा बाजूला ठेवून थांबायचं ती लक्षणं: धातू दळल्यासारखा आवाज, आवाजाबरोबर स्टिअरिंगमध्ये किंवा तळव्यांखाली थरथर, गाडीखाली तेलाचा डाग, जळका वास, किंवा ताकद कमी केल्याचा दिवा. अशा वेळी गाडी ओढून नेताना मोटरची चाकं जमिनीवर फिरू देऊ नका. वर म्हटलं तसं मोटर चाकांना कायम जोडलेली असते. ओढताना ती जनरेटर बनते आणि इन्व्हर्टरचं किंवा मोटरचं नुकसान होऊ शकतं. पूर्ण गाडी वर चढवणारा ट्रकच मागवा.

तुमच्या बाबतीत मी पैज लावायची झाली तर 'सूं'साठी आधी माउंट आणि टेकलेली नळी, नंतर रीजनच्या बाजूचे दात. 'टक्'साठी ॲक्सल-हबचा जोड. पण ही पैज तुमच्या चार ओळींवर लावलेली आहे. काटा मधोमध धरल्यावर काय झालं ते कळवा, आणि रेकॉर्डिंग केलंत तर जीपीएसचा वेग आणि टायरवर छापलेला पूर्ण आकार दोन्ही लिहा, त्याशिवाय भागाकार करता येणार नाही.